हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला

९ मे २०१६. सोमवार होता आणि अक्षय तृतीया. दुपारी ऑफिसात बाबांचा फोन आला. ते कामाच्या वेळेत कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून जिन्यात गेले. पलीकडे चाळीतल्या लोकांचा गलका चालला होता. त्यातून बाबांचा आवाज आला, "बाय, घर लागला गो."

म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या सोडतीत त्यांचं नाव आलं होतं. त्या दिवशी २,६३४ घरांची सोडत होती आणि अर्ज लाखाच्या वर. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती, तेव्हा आमचा नंबर लागला नव्हता. आता लागला. २२५ चौरस फूट, किंमत साडेनऊ लाख. मी जिन्यातच बसून रडले. मग डोळे पुसून वर येताना पायऱ्यांवरच दुसरा विचार आला, की हे घरी सांगायचं कसं. 'घरी' म्हणजे पार्ल्याला. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि 'घरी' म्हटल्यावर माझ्या मनात लालबाग येत नव्हतं, हे मला त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं.

आमची खोली दहा बाय बाराची. वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी, संडास मजल्याच्या टोकाला सामायिक. बाबा देवगडकडून १९७५ मध्ये मुंबईत आले आणि एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात बाबा होते. वर्षभर गावी राहिले, परत आले, पुन्हा कामावर घेतले गेले, आणि पुढे गिरणीच बंद पडली. त्यानंतर बारा वर्षं त्यांनी वॉचमनची नोकरी केली. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून त्यांना महिन्याला हजार रुपये पेन्शन मिळायची. ती रक्कमही २०१४ च्या सप्टेंबरपासून, किमान पेन्शन ठरली तेव्हापासूनची.

सासर विलेपार्ले पूर्वेला. सासरे बँकेतून निवृत्त, सासूबाई मराठीच्या शिक्षिका होत्या. सोसायटीत दोन बेडरूमचं स्वतःचं घर, भिंतीवर पुस्तकं, रविवारी टिळक मंदिरात व्याख्यान. नवरा आणि मी एकाच ऑफिसात होतो, तिथे जमलं. लग्नाआधी जातीवरून दोन्ही घरांत बरंच बोलणं झालं. लग्नानंतर तो शब्द कोणी उच्चारला नाही. त्याच्या जागी 'आमच्याकडे' आलं. आमच्याकडे आमटीत गूळ असतो. आमच्याकडे पाहुण्यांसमोर असं मोठ्याने बोलत नाहीत. आमच्याकडे 'मी बोलली' म्हणत नाहीत, 'मी म्हणाले' म्हणतात.

हा शेवटचा धडा मी लवकर शिकले. लालबागला आम्ही सगळ्या मुली 'मी आली, मी गेली, मी बोलली' असंच म्हणत मोठ्या झालो. सासूबाई रागावून सुधारत नसत. त्या फक्त माझं वाक्य बरोबर करून परत म्हणत, वर्गात म्हणत असतील तसं. वर्षभरात माझी जीभ वळली. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले आणि दारातच "मी आले!" म्हणाले. धाकटा भाऊ पोटमाळ्यावरून म्हणाला, "आले? एकटीच आलीस ना, की अजून कोण कोण आले?" सगळे हसले. मीही हसले, पण ते मला लागलं. तेव्हापासून मी दादरला गाडी बदलताना भाषाही बदलायला लागले.

खाण्याचं तसंच झालं. आई दर वर्षी एप्रिलमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत जाऊन बेडगी, संकेश्वरी, धणे, दगडफूल निवडून घ्यायची आणि समोर उभं राहून डंकावर मसाला कुटून आणायची. त्यातला किलोभर मसाला बरणीत भरून तिने मला दिला होता. पार्ल्याच्या ओट्यावर बरणी उघडली की सासूबाई काही न बोलता खिडकी उघडायच्या. मी बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि ती तिथेच राहिली. मासे घरात येणार नाहीत हे लग्नाआधीच ठरलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिसऱ्या वर्षी माहेरी बांगड्याचं तिखलं खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आई ताटाकडे बघत म्हणाली, "तुका आता तिखट लागता?" माझं पोर माझ्या हातचं खाऊ शकत नाही, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मी दुसरा बांगडा वाढून घेतला आणि संपवला. रात्रभर पोटात जळजळत होतं.

यातला एक प्रसंग मी फार वर्षं कोणालाच सांगितला नव्हता. २०१४ मध्ये सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही चौघं लोअर परळला एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. जुन्या गिरणीच्या आवारातलं, करवतीच्या दातांसारखं छप्पर तसंच ठेवून आत दिवे लावलेलं. बाहेर चिमणी उभी होती, तिच्यावरही प्रकाश सोडला होता. सासरे कौतुकाने म्हणाले, "काय सुंदर जपलंय बघा." ते साचेखातं होतं. बाबांचं साचेखातं. मी लहानपणी डबा घेऊन त्या गेटपर्यंत गेलेली आहे. बिल सहा हजारांवर आलं. बाबांची सहा महिन्यांची पेन्शन. मी म्हणू शकले असते की इथे माझे बाबा चार साचे चालवायचे, सासऱ्यांना ते ऐकायला आवडलंही असतं. मी गप्प राहिले. मला लाज वाटली, आणि बाबांची लाज वाटली याची त्याहून जास्त लाज वाटली. सासरच्या लोकांनी मला त्या दिवशी काहीही केलं नव्हतं. जे केलं ते मी केलं.

तर साडेनऊ लाख. बाबांचे पोस्टातले दीड लाख, आईच्या पाटल्या विकून एक लाख, भावाने पतपेढीतून काढलेले एक लाख. उरले सहा. बाबांचं वय एकसष्ट, बँक त्यांना एकट्याला कर्ज द्यायला तयार नव्हती. सहअर्जदार हवा, पगाराच्या पावत्या हव्यात, आणि वर्षभराचं खात्याचं उतारापत्रक. भावाची नोकरी कंत्राटी, त्याच्या पावत्या चालेनात. पक्की नोकरी माझी होती.

आणि माझं खातं नवऱ्याबरोबर जोडखातं होतं. त्यात दर महिन्याच्या पाच तारखेला चार हजार रुपये काढलेले दिसत होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यापासून मी ते एटीएममधून काढून दादरच्या पुलावर भावाच्या हातात देत होते. बँकेसाठी उतारा छापला तेव्हा नवऱ्याने त्या ओळींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं. तो रागावला नाही. "तीन वर्षं?" एवढंच म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "मी नाही म्हणालो असतो असं वाटलं तुला?" मला तसं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं की तो हो म्हणेल, मग आईला सांगेल, मग त्या हो म्हणतील, आणि मग माझ्या आईवडिलांचं धान्य पार्ल्याच्या परवानगीने येईल. पण हे मला त्या वेळी नीट सांगता आलं नाही. चोरून दिल्यामुळे माझ्याच कमाईचे पैसे चोरीचे झाले होते. तीन वर्षं मी दादरच्या पुलावर इकडे तिकडे बघत पाकीट उघडलं होतं, ओळखीचं कोणी येत नाही ना म्हणून.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने आईवडिलांना सांगितलं. मी शेजारी बसले होते. पर्समध्ये एक छापील कागद घडी करून ठेवला होता. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितलं आहे, त्या निकालाची माहिती. गरज पडली तर दाखवीन म्हणून आणलेला. तो मी बाहेर काढला नाही. घरातल्या माणसांसमोर निकाल ठेवायचा म्हणजे घर कोर्ट करायचं.

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "लग्नात आम्ही काही घेतलं नाही. मानपान नाही, आहेर नाही. आमच्याकडे तसली पद्धतच नाही. आणि आता दर महिन्याला इकडून तिकडे जाणार?"

मी म्हणाले, "माझ्या पगारातून जाणार आहेत, आई."

"पगार तुझा. मग दूध, वीज, किराणा, बाईचा पगार कोणाचा? ह्यांच्या पेन्शनमधून चालतंय ते सगळं. तुम्ही दोघं मोठ्या घरासाठी साठवताय म्हणून आम्ही मागत नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. मी तीन वर्षांत त्या घराच्या खर्चाला हात लावलेला नव्हता. कोणी मागितलं नाही म्हणून, आणि लागत असेल हे मनातच आलं नाही म्हणून. पैसे नाहीत म्हणून चाळीत सगळ्यांना सगळ्यांचा हिशोब माहीत असतो. पार्ल्यात पैशांबद्दल बोलणं हलकं समजत, त्यामुळे तिथे कोण किती उचलतंय हे मला कळलंच नव्हतं.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "घर कोणाच्या नावावर होणार?"

"बाबांच्या."

"आणि त्यांच्यानंतर? भावाच्या. म्हणजे दहा वर्षं हप्ते तू भरणार आणि घर भावाचं. मुलगा आहे ना त्यांना? तू हिशोब तपासण्याचंच काम करतेस ना?"

मी उठले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मला त्यात फक्त हावरटपणा ऐकू आला. आमच्या गरिबीत वाटा मागायला आलेली बाई, असं मी त्या दिवशी तिला मनातल्या मनात म्हणाले. पुढचे चार महिने आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. भाजी कोणती, कुकरच्या शिट्ट्या किती, गॅसवाला आला का. एका ओट्याशी दोन बायकांनी चार महिने असं उभं राहणं हे भांडणापेक्षा फार वाईट असतं.

कोंडी फोडायला मी काय केलं ते सांगते, कारण मला विचारणाऱ्या मैत्रिणींना मी हेच सांगत आले आहे. मी आणि नवऱ्याने शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर घराचा महिन्याचा खर्च लिहिला, सासऱ्यांना विचारून, पै-पैसा. त्यातले बारा हजार आम्ही द्यायचं ठरवलं. सासरे नको म्हणाले. सासूबाईंनी घेतले, मोजले आणि कपाटात ठेवले. दुसऱ्या पानावर माझ्या माहेरचा हप्ता. सहा लाख, दहा वर्षं, महिना पावणेआठ हजारांच्या आसपास. तिसऱ्या पानावर आमची बचत. मोठ्या घराचं दोन-तीन वर्षं पुढे गेलं हे त्या पानावर सगळ्यांना दिसलं. वही स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर ठेवली. कोणीही उघडावी. दादरच्या पुलावरचे चार हजार बंद झाले, आईच्या खात्यात सरळ बँकेतून दोन हजार जायला लागले आणि तेही वहीत चढले. मनं जुळली असं मी म्हणणार नाही. पण माझी पाठ सरळ झाली.

त्याच दिवसांत बाबा कर्जाच्या कागदांवर जावयाच्या सह्या घ्यायला पार्ल्याला आले. प्लास्टिकच्या पिशवीत सगळी फाइल: तिकीट नंबर, लाल पास, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद. १ जानेवारी १९८२ रोजी आपण गिरणीच्या पटावर होतो हे सिद्ध करणारे कागद त्यांनी चौतीस वर्षं पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेटीत जपले होते. सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. पंखा लावू का विचारलं तरी नको म्हणत होते.

त्या पावसाळ्यात पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना बंद झाला होता. १९२९ पासूनचा. सासरे त्याच वासात लहानाचे मोठे झाले. बोलायला विषय हवा म्हणून ते म्हणाले, "आता सकाळी उठलं की वास येत नाही. चुकल्यासारखं होतं." बाबा पहिल्यांदाच सोफ्यावर मागे टेकले. "आमचो भोंगो बंद पडलो ना," ते म्हणाले, "तेव्हा माका झोपच लागत नसे. पाटे जाग यायची नि वाजाची वाट बघत पडान ऱ्हवायचंय." मग दोघं पाऊण तास बोलले. साचा म्हणजे नक्की काय, एक माणूस चार साचे कसा सांभाळतो, सूत तुटल्याचं कसं कळतं. सासरे प्रश्न विचारत होते, बाबा हातांनी दाखवत होते. निघताना सासरे म्हणाले, "तुमची गिरणी कुठली?" बाबांनी सांगितलं. सासरे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना ते जेवण आठवलं होतं. "तू तेव्हा बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

घराची चावी २०१८ च्या डिसेंबरमध्ये मिळाली. अठराव्या मजल्यावर, खिडकीतून कोपराएवढा समुद्र दिसतो. वास्तुशांतीच्या जेवणावरून माझं आईशी कडाक्याचं भांडण झालं. पूजेच्या दिवशी जेवण शाकाहारी हे आमच्यातही आहेच. पण दुसऱ्या दिवशी चाळीतल्या मंडळींना मटण-वडे घालायचा बेत होता आणि पार्ल्याची माणसं त्या दिवशीही येणार हे कळल्यावर आईने तो रद्द केला. वरण-भात, बटाट्याची भाजी, जिलबी. "तुझ्या माणसांका आमचा वास नको," ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. चाळीत ज्यांनी बाबांबरोबर संपात दिवस काढले त्यांना तिने माझ्या सासरसाठी जिलबीवर परत पाठवायचं, हे मला सहन होईना. आणि आतून कळत होतं की ही भीती तिला मीच शिकवली आहे, ती बरणी वरच्या फळीवर ठेवून. शेवटी दोन्ही केलं. सासूबाई आल्या, वेगळ्या पंगतीत वरण-भात जेवल्या, नाकाला पदर लावला नाही, पण फार वेळ थांबल्याही नाहीत. आईच्या हातात साडी ठेवली. आईने उलट त्यांच्या हातात मसाल्याची पिशवी दिली. माझा जीव वर आला. त्यांनी ती घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

त्यांच्या त्या प्रश्नाचं मात्र पुढे वेगळंच झालं. भावाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, घर मुलाच्याच नावावर होणार ना? भाऊ सहज हो म्हणाला. मी तिथेच बसले होते. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला ते आपोआपच वाटत होतं. त्या रात्री मला सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. दहा वर्षं हप्ते तू भरणार. त्यात त्यांच्या मुलाच्या बचतीची काळजी होती, हे मी आजही म्हणते. पण माझ्या बाजूने तो प्रश्न तेवढ्या एकाच बाईने विचारला होता. माझ्या आईने नाही, नवऱ्याने नाही, मी स्वतःही नाही. कायद्याने मुलगी वडिलांच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीची वारस आहे, हे मी दुसऱ्यांना सांगत फिरते. स्वतःच्या घरात तोंड उघडायला मला अडीच वर्षं लागली.

मी बाबांना विचारलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "दोगांका अर्धा अर्धा," म्हणाले. त्याप्रमाणे मृत्युपत्र केलं. भाऊ माझ्याशी सात महिने बोलला नाही. आताही भाऊबीजेला तो पार्ल्याला येत नाही, मी तिकडे जाते. वहिनी चांगली आहे, पण दार उघडताना माझ्याकडे बघते ते घराच्या अर्ध्या भागाकडे बघितल्यासारखं. हा तिढा सुटलेला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. माझा पगार निम्मा झाला होता. मी फॉर्म भरायला बसले होते. सासूबाई वही घेऊन आल्या, चष्मा लावून व्याजाचं गणित मांडलं आणि म्हणाल्या, "ढकलू नकोस. व्याज वाढत राहील. या महिन्यांचे आमचे बारा हजार राहू देत." पाच महिने त्यांनी पैसे घेतले नाहीत. वहीत त्या रकान्यात त्यांच्या अक्षरात 'माफ' असं लिहिलेलं आहे. पण मसाल्याची बरणी उघडली की त्या अजूनही खिडकी उघडतात. आणि मी अजूनही बरणी उघडते, आता रोजच्या फळीवरून काढून.

कर्ज आम्ही मुदतीआधी फेडलं, २०२३ च्या दिवाळीत, बोनसचे पैसे घालून. बँकेचं पत्र घेऊन मी घरी आले तेव्हा सासूबाई पोहे भाजत होत्या. मी पत्र दाखवलं. त्यांनी हात पुसून ते पूर्ण वाचलं, तारखेसकट.

"झालं एकदाचं," त्या म्हणाल्या. "आता त्या पावणेआठ हजारांचं आवर्ती खातं काढ. पाच तारखेलाच. तुझ्या एकटीच्या नावावर."